दापोडीच्या बागेतील डॉक्टर



फाल्गुनात आपल्या साखरखेर्ड्याच्या शिवारात पळस फुलतो आणि थोड्याच दिवसांत फुलांचा सडा पडून सारे संपते. असा बहर कागदावर उतरवून घेणाऱ्या एका डॉक्टरांची हकिगत माझ्या वाचनात आली. ती आज आपल्यापुढे ठेवते.

डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांचा जन्म १८०० साली स्कॉटलंडात झाला. कंपनी सरकारच्या नोकरीत ते डॉक्टर म्हणून इकडे आले. दख्खन व खानदेशात त्यांनी लोकांना देवी टोचण्याचे काम केले. आपली मराठीही ते शिकले. १८३८ साली पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी बाग त्यांच्या हाती आली. तेथे ते दवाखान्यांसाठी औषधी झाडे लावीत आणि परदेशची रोपेही वाढवीत. पुढे १८४७ साली मुंबई इलाख्याच्या जंगलांचा कारभार त्यांच्याकडे आला. डोंगरावरची झाडे तुटली की झरे आटतात, हे त्यांनी तेव्हाच सरकारला लिहून कळविले होते.

फूल वाळवून कागदात ठेवले तर आकार राहतो, पण रंग उडतो. म्हणून ताजे फूल समोर ठेवून पाण्याच्या रंगांत चित्र काढावे लागते. पाकळी, देठ, पान, सारे हुबेहूब हवे, आणि फूल कोमेजण्यापूर्वी हात चालला पाहिजे. १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी अशी दीडशेहून अधिक चित्रे करवून घेतली. ती आज स्कॉटलंडात एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत.

गिब्सन १८६७ साली वारले. काही वनस्पतींच्या शास्त्रीय नावांत त्यांचे नाव राहिले आहे. परंतु ती चित्रे त्यांच्या हातची नव्हेत. ती काढली पोर्तुगीज-हिंदी वंशाच्या एका चित्रकाराने, आणि त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही!

हे वाचून मला आपले रुखवत आठवले. पाहुणे नवरीच्या घरचे कौतुक करतात, पण कोणाच्या बोटांनी ते घडविले हे कोण विचारतो? गिब्सनसाहेबांचा मोठेपणा कमी नाही. त्यांनी बाग राखली, म्हणून चित्रे झाली. तरी एक ओळ लिहायची राहिली ती राहिलीच.

म्हणून एक विनंती. आपल्या मंडळात जी रांगोळी काढील, जी गोधडी शिवील, तिचे नाव वहीत जरूर लिहावे. त्याला फार शाई लागत नाही.