चौदा ओळींचे देणे : कवी केशवसुत

पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला ‘सॉनेट’ शिकवले गेले, तेव्हा मागच्या बाकावर बसून मी फक्त त्याच्या चौदा ओळी मोजल्या होत्या. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील द्राक्षबागेत मजुरीला जातात. साता समुद्रापलीकडच्या कवींनी माणसाच्या लोभावर, प्रेमावर आणि मरणावर लिहिलेल्या ओळींशी आपला काय संबंध, असे मला वाटे. याचे उत्तर पुढे मिळाले ते एका गरीब शाळामास्तरांच्या चरित्रात. ते मास्तर म्हणजे कृष्णाजी केशव दामले, अर्थात आधुनिक मराठी कवितेचे जनक केशवसुत.

रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे १८६६ साली त्यांचा जन्म झाला. वडील शिक्षक, कुटुंब मोठे आणि मिळकत बेताची. शिक्षण बडोदे, नागपूर, पुणे असे फिरत फिरत झाले. नागपुरात त्यांचा नारायण वामन टिळकांशी स्नेह जुळला. टिळक म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचे जावई, ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाईंचे पती. केशवसुत मॅट्रिक झाले ते १८८९ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी. परीक्षेच्या निकालावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्यांनी हे वय अवश्य ध्यानात ठेवावे!

मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या करीत असतानाही त्यांचे वाचन थांबले नाही. पालग्रेव्ह यांचा ‘गोल्डन ट्रेझरी’ हा इंग्रजी काव्यसंग्रह त्यांच्या विशेष आवडीचा. त्यात शेक्सपिअर, मिल्टन, वर्डस्वर्थ यांची सॉनेटे आहेत. हा काव्यप्रकार लहान, पण मोठा शिस्तीचा. बहुधा पहिल्या आठ ओळींत एक विचार मांडायचा आणि उरलेल्या सहांत त्याला वळण देऊन निष्कर्षाला न्यायचे. माणसाच्या मनातील झगडा दाखवायला हा साचा किती सोयीचा आहे, हे केशवसुतांनी ओळखले आणि १८९२ मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही कविता लिहिली. मराठीतील हे पहिले सॉनेट मानले जाते. पुढे या प्रकाराला ‘सुनीत’ हे नाव रुळले.

साचा इंग्रजी असला तरी विषय त्यांनी इथलाच घेतला. शाहजहानने रत्नजडित मयूरासन घडवले आणि ताजमहालही बांधला. दोन्हींना अपार संपत्ती लागली. पण वैभव मिरवण्यासाठी केलेले आसन १७३९ मध्ये नादिरशहाने लुटून नेले, तर प्रेमापोटी उभारलेली वास्तू यमुनेकाठी अजून उभी आहे. एकाच माणसाच्या हातून अहंकाराचे आणि प्रेमाचेही काम होते. त्यातले टिकते कोणते, हा या कवितेचा खरा प्रश्न आहे. तो समजायला इंग्रजी बोलता येण्याची अट नाही.

केशवसुत केवळ तत्त्वज्ञान सांगत बसले नाहीत. त्याआधीच, १८८८ मध्ये, त्यांनी अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न कवितेत आणला होता. उपाशी मजूरही त्यांच्या कवितेत आला. ‘तुतारी’ आणि ‘नवा शिपाई’ या कवितांनी रूढींना आव्हान दिले. स्वतः सनातनी वातावरणात वाढलेल्या माणसाने हे लिहावे, याला मी मनाचे धैर्य म्हणतो. आमच्यासारख्यांच्या घरातील प्रश्न पुस्तकात येऊ शकतात, हे त्यांच्यामुळे मला प्रथम कळले.

मुंबईत प्लेग सुरू झाल्यानंतर ते खानदेशात गेले. भडगाव, फैजपूर येथे मास्तरकी करून १९०४ मध्ये ते धारवाडच्या शाळेत गेले. पण ज्या प्लेगने मुंबई सोडायला लावली, त्यानेच त्यांना हुबळीत गाठले. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी त्यांचे निधन झाले. आठच दिवसांत पत्नीही गेली. वय अवघे एकोणचाळीस, मागे सुमारे एकशे पस्तीस कविता. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. पुढे हरि नारायण आपटे यांनी त्या कविता प्रसिद्ध केल्या.

१९९४ मध्ये मालगुंडला त्यांचे स्मारक झाले. त्याचे उद्घाटन आपल्या नाशिकच्या कुसुमाग्रजांनी केले. एका कवीने दुसऱ्या कवीचे ऋण मानले.

परवा वडिलांना मी मयूरासन आणि ताजमहालाची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, “ताज बांधणाऱ्या मजुरांवर कुणी लिहिलंय का रे?” मला उत्तर देता आले नाही. पण आता इंग्रजीच्या तासाला मी मागच्या बाकावर बसत नाही.