गिटार न येणाऱ्या माणसाने बनवलेली गिटार: लिओ फेंडरची गोष्ट

इलेक्ट्रिक गिटार म्हटलं की डोळ्यांसमोर येणारे दोन आकार, टेलिकास्टर आणि स्ट्रॅटोकास्टर, एकाच माणसाच्या कारखान्यातून बाहेर पडले. त्याचं नाव लिओ फेंडर. गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवता येत नव्हती, साधी सुरात लावताही येत नव्हती. तो होता रेडिओ दुरुस्त करणारा.

देऊळगाव राजात माझ्याकडे जी गिटार आहे, ती त्याच्या १९५० सालच्या डिझाइनची स्वस्त नक्कल आहे. एका साध्या स्मार्टफोनच्या किमतीत आली. पिवळसर बॉडी, काळी प्लेट, दोन नॉब, एक स्विच. दिसायला एकदम जुन्या जमान्यातली. पण तिच्यात काही बिघडलं की जालना किंवा संभाजीनगर गाठावं लागत नाही, स्क्रू ड्रायव्हर पुरतो. असं का, याचं उत्तर लिओच्या आयुष्यात आहे.

संत्र्याची बाग आणि रेडिओ

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, कॅलिफोर्नियातला. आईवडील शेतकरी, आणि बाग संत्र्यांची. म्हणजे विदर्भातल्या वाचकाला चित्र लगेच समजेल. लहानपणीच आजारामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला आणि तिथे काचेचा डोळा बसवला गेला.

नात्यातल्या एका माणसाचं मोटारींच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. त्याने सुट्या पार्ट्समधून रेडिओ बनवला होता. त्या स्पीकरमधून येणारा दणदणीत आवाज किशोरवयातल्या लिओच्या डोक्यात बसला तो कायमचा. पुढे तो शिकला मात्र हिशेब. नोकरीही हिशेबनिसाची केली. १९३० च्या दशकातल्या महामंदीत ती गेली. मग १९३८ मध्ये ६०० डॉलर उसने घेऊन त्याने फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं.

त्या दुकानात गावातले वादक आपले बिघडलेले अँप्लिफायर घेऊन यायचे. लिओ ते उघडायचा आणि कुठला पार्ट वारंवार जातो, कुठला जोड सुटतो, ते बघायचा. वस्तू बनवायच्या आधी तो वस्तू कशी बिघडते हे शिकला. हीच त्याची खरी शाळा.

पोकळ गिटारचा त्रास

त्या काळी वादक पोकळ लाकडी गिटारला पिकअप बसवून वाजवायचे. पिकअप म्हणजे लोहचुंबक, आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये बारीकसा विद्युतप्रवाह तयार होतो. अँप्लिफायर तोच मोठा करून स्पीकरला देतो. गणपतीच्या मिरवणुकीत बेंजो बघितलाय ना? त्यातही हेच तंत्र आहे.

पोकळ गिटारमध्ये अडचण अशी की आवाज वाढवला की स्पीकरचा आवाज गिटारच्या पोटात घुमतो, तारा आपोआप थरथरतात, तो आवाज पुन्हा स्पीकरमध्ये जातो आणि कानठळ्या बसवणारी किंकाळी सुरू होते. माइक स्पीकरसमोर नेला की होतं तेच. यावर उपाय म्हणजे पोटच नको, बॉडी भरीव करायची. भरीव गिटारचा प्रयत्न करणारा लिओ पहिला नव्हता. पण ती कारखान्यात मोठ्या संख्येने बनवून साध्या वादकाला परवडेल अशी करणं, हे त्याने करून दाखवलं.

चार स्क्रूंची करामत

१९५० मध्ये त्याच्या कंपनीची भरीव गिटार बाजारात आली. ब्रॉडकास्टर हे नाव दुसऱ्या एका कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत असल्याने बदलावं लागलं. टेलिव्हिजनचे दिवस होते, म्हणून १९५१ मध्ये ती टेलिकास्टर झाली.

नामवंत गिटार कारागीर मान बॉडीला डिंकाने कायमची चिकटवत. लिओने ती चार स्क्रूंनी बसवली. मान खराब झाली तर चार स्क्रू काढा, दुसरी लावा. वायरिंगही एका प्लेटखाली ठेवलं, स्क्रू काढले की सगळं समोर. नक्षी नाही, कोरीवकाम नाही. बघणारे तिला लाकडाची फळी म्हणून हसले. पण फळी असल्यामुळेच ती झटपट बनायची आणि झटपट दुरुस्त व्हायची.

सगळंच पहिल्या फटक्यात जमलं असंही नाही. मॅपलचं लाकूड मजबूत असल्याने मानेत लोखंडी सळई लागणार नाही, असं लिओला वाटलं होतं. तारांच्या ताणाने माना वाकल्या. मग ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी सळई, आत टाकावी लागली. १९५१ मध्येच त्याने प्रिसिजन बास आणला आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे तो प्रत्येक नमुना वादकांच्या हातात द्यायचा आणि त्यांच्या तक्रारी ऐकून बदल करायचा.

स्वतःचं नाव विकलेला माणूस

१९६० च्या दशकात लिओला जंतुसंसर्गाने इतकं बेजार केलं की आपण फार जगणार नाही असं त्याला वाटायला लागलं. १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. पुढे योग्य उपचार मिळाले आणि तो खडखडीत बरा झाला. पण कंपनी गेली होती, आणि कंपनीसोबत नावही गेलं होतं. आपल्याच आडनावाची गिटार आता त्याला बनवता येणार नव्हती. ठरलेल्या काळापर्यंत स्पर्धेत उतरायचीही मनाई होती.

त्याने बाकावरचं काम सोडलं नाही. १९७० च्या दशकात म्युझिक मॅन या कंपनीत डिझाइन केलं. मग जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्यासोबत जी अँड एल काढली. म्हणजे जॉर्ज आणि लिओ. नाव नाही तर नाही, आद्याक्षर तरी. पार्किन्सनने हात थरथरत असतानाही तो शेवटपर्यंत कामाला येत राहिला. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला.

मग माझ्यासारख्याला परवडते कशी?

साधी भरीव फळी, स्क्रूंनी बसवलेली मान आणि मोजके पार्ट. असं डिझाइन जगात कुठल्याही कारखान्यात बनू शकतं. बनलंही. जपानी नकला इतक्या चांगल्या व्हायला लागल्या की फेंडर कंपनीने १९८२ मध्ये स्वतःच जपानमध्ये स्वस्त स्क्वायर मालिका सुरू केली. पुढे कंपनीने बॉडीच्या आकारावर ट्रेडमार्क मागितला, पण २००९ मध्ये अमेरिकेत तो नाकारला गेला. हे आकार इतकी वर्षं इतक्या जणांनी वापरले होते की ते सर्वसामान्य झाले होते. मानेच्या टोकाचा आकार मात्र संरक्षित आहे. म्हणून स्वस्त नकलांची बॉडी हुबेहूब असते आणि टोक वेगळं.

तुम्ही अशी गिटार घेणार असाल तर एवढं बघा. मान एका डोळ्याने, बंदुकीचा नेम धरल्यासारखी बघा. थोडी वाकलेली असली तर ट्रस रॉड फिरवून सरळ होते, पीळ पडला असेल तर घेऊ नका. फ्रेटच्या कडांवरून बोट फिरवा, टोचतात का बघा. नॉब फिरवताना खरखर येते का ऐका. चार्जर किंवा ट्यूबलाइटजवळ थोडी घूं येणारच, एका कॉइलच्या पिकअपचा तो स्वभाव आहे.

मोठा अँप लगेच घ्यायची गरज नाही. छोटा ऑडिओ इंटरफेस फोनला ओटीजीने जोडा, अँपचं अ‍ॅप टाका, आणि वायरचा हेडफोन लावा. ब्लूटूथ नको, त्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि ताल चुकतो.

माझ्या गिटारचा जॅक सैल होऊन आवाज जायला लागला तेव्हा मी प्लेट उघडली. आत दोन पॉट, एक स्विच, एक कपॅसिटर आणि चारदोन वायरी. सुटलेली वायर गावातल्या मोबाइल दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत सोल्डर केली. त्याने आयुष्यात गिटार उघडली नव्हती, आणि त्याला ती वाजवताही येत नाही. तेच हात आपल्या फोनची बॅटरी बदलताना आधी तासभर डिंकाशी झगडतात. लिओचं आडनाव दुसऱ्याच्या मालकीचं झालं, पण उघडता येईल अशी वस्तू बनवायची त्याची सवय अजून कुणालाही वापरता येते.