मुलांच्या अंगणात गेलेली शाळा : ताराबाई मोडक



आपल्या शहापूर-मुरबाड भागात दिवाळी झाली की पाड्यांवरची घरे एकेक करून बंद होऊ लागतात. भाताची कापणी-झोडणी आटोपते आणि अनेक कुटुंबे वीटभट्टीच्या कामाला भिवंडी, कल्याणच्या बाजूला निघून जातात. परततात ती थेट पावसाच्या तोंडावर. जी कुटुंबे मागे राहतात, त्यांच्याकडेही आईवडील मजुरीला गेले की सात-आठ वर्षांची ताई धाकट्या भावाला कडेवर घेऊन घर सांभाळते. रविवारी मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात ती येत नाही. आलीच तर भावाला घेऊन येते. तो रडू लागतो, इतर मुलांचे लक्ष जाते, आणि आपण तिला थोडा वेळ बाहेर बसायला सांगतो. पुढच्या रविवारी ती येत नाही. हजेरीच्या वहीत आपण तिची गैरहजेरी मांडतो.

याच ताईचा विचार सुमारे सत्तर वर्षांपूर्वी एका बाईंनी केला होता, आणि तोही आपल्याच जिल्ह्यात. त्यांचे नाव ताराबाई मोडक. त्यांचे कार्यक्षेत्र डहाणू तालुक्यातील बोर्डी आणि कोसबाड. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ही गावे आपल्या ठाणे जिल्ह्यातच होती. ताराबाई ख्रिस्ती नव्हत्या. तरीही लहान मुलांना देवाच्या घरात आणू पाहणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांचे चरित्र जाणून घ्यावे असे आम्हांला वाटते.

घर आणि शिक्षण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई हे दोघेही प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकावे, जातिभेद पाळू नये, अशा विचारांच्या घरात त्या वाढल्या. मुली चार इयत्ता शिकल्या तरी पुष्कळ समजले जाई, त्या काळात, १९१४ साली, त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मात्र हा संसार टिकला नाही. १९२१ साली त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरी एक लहान मुलगी होती. तेव्हाच्या समाजात अशा स्त्रीकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, हे सांगायला नको.

त्या राजकोटला स्त्रियांच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. पद मानाचे, पगार चांगला. एकट्या आईला याहून अधिक काय हवे? पण भावनगरला गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ होते. वकिली सोडून त्यांनी १९२० साली लहान मुलांसाठी बालमंदिर सुरू केले होते. छडी नाही, घोकंपट्टी नाही, गोष्टी आहेत, गाणी आहेत, हाताने करायची कामे आहेत. लोक त्यांना प्रेमाने मिशीवाली आई म्हणत. त्यांचे काम पाहून ताराबाईंनी प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. त्या काळी अडीच-तीन वर्षांच्या मुलाला शिकवणे हा कुणी शिक्षणाचा भागच मानत नसे.

मोन्टेसरीबाईंचा धागा

गिजुभाई आणि ताराबाई यांना वाट दाखवली ती डॉ. मारिया मोन्टेसरी यांच्या विचारांनी. या इटलीतील कॅथलिक डॉक्टर. १९०७ साली ६ जानेवारीला, म्हणजे आपल्या तीन राजांच्या सणादिवशी, त्यांनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. आईवडील कामावर जात आणि मागे मुले जिन्यांवर, गल्लीत भटकत. त्यांच्यासाठी ते होते.

पोप दहावे पायस यांनी १९१० साली मुलांनी साधारण सातव्या वर्षापासून परमप्रसाद घ्यावा असे ठरवून दिले. त्यानंतर लहान मुलांच्या धर्मशिक्षणाचा विचार नव्याने सुरू झाला. मोन्टेसरीबाईंच्या मार्गदर्शनाखाली स्पेनमधील बार्सिलोना येथे मुलांसाठी खास प्रार्थनागृह सजवण्यात आले. मुलांच्या उंचीची खुर्ची-टेबले, मुलांच्या हाताला येईल असे पवित्र पाण्याचे भांडे. तिथल्या मुलांनी गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या आणि त्यांची निगा राखली. मिस्सातील भाकर आणि द्राक्षारस कुठून येतात, हे त्या मुलांना पाठ करावे लागले नाही. त्यांनी ते आपल्या हातांनी अनुभवले. १९३९ साली मोन्टेसरीबाई भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाची वर्षे त्यांनी इथेच काढली.

शहरातून गावाकडे

१९३६ साली ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. काम उत्तम चालले. पण मोन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती आणि ती परवडणारी मुले बहुतेक सुखवस्तू घरांतली होती. गावातल्या गरीब मुलाचे काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबतीला आल्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या अनुताईंनी मोठ्या जिद्दीने शिक्षण घेतले होते. दोघींचा हा सहवास ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकला.

बोर्डीत त्यांनी महागडी साधने बाजूला ठेवली. शंख, शिंपले, चिंचोके, खडे, पाने, फुले, मातीची भांडी यांतून मुले मोजायला, रंग ओळखायला आणि बोलायला शिकू लागली. पण एक अडचण राहिली. दलित वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येईनात. ती का येत नाहीत म्हणून आईबापांना दोष देणे सोपे होते. या दोघींनी तसे केले नाही. शाळाच त्यांनी वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात मुले जमवायची, त्यांचे हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी आणि खेळ. वेळ ठरायची ती मुलांच्या सोयीने. हीच अंगणवाडी. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि आज गावोगावी आपण तिच्या केंद्रांना याच नावाने ओळखतो.

कोसबाडची टेकडी

१९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आजूबाजूला वारल्यांचे पाडे होते. इथे त्यांना भेटली ती आपल्या ओळखीची ताई. तिला शिकायचे होते, पण कडेवर भाऊ होता. तिच्या भावाला काही तेवढ्यासाठी घरी एकटे सोडता येत नव्हते.

ताराबाईंनी उपाय काढला तो अगदी साधा. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. ताईने यायचे, तान्ह्याला पाळणाघरात ठेवायचे, मधल्या भावंडाला बालवाडीत बसवायचे आणि आपण आपल्या वर्गात जायचे. या प्रयोगाला विकासवाडी असे नाव मिळाले. गुरे राखणारी मुले तरीही येऊ शकत नव्हती. त्यांच्यासाठी जिथे गुरे चरतात तिथेच शाळा भरू लागली, ती कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्या मुलांसाठी रात्रीची शाळा झाली.

ताराबाई १९४६ ते १९५१ या काळात मुंबई प्रांताच्या विधानसभेच्या सदस्य होत्या. १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे अनुताईंनी २७ सप्टेंबर १९९२ रोजी अखेरचा श्वास घेईपर्यंत कोसबाडचे काम सांभाळले.

आपल्यासाठी

शुभवर्तमानातील एक प्रसंग आपणा सर्वांना पाठ आहे. लोक लहान मुलांना प्रभूकडे आणत होते आणि शिष्य त्यांना दटावून मागे सारत होते. शिष्यांचा हेतू काही वाईट नव्हता. गुरुजींना त्रास होऊ नये, शिकवण नीट चालावी, एवढेच त्यांना वाटत असावे. तरी प्रभू मुलांवर नाही, शिष्यांवर रागावला. रडणाऱ्या भावासह ताईला बाहेर बसवताना आपलाही हेतू वर्ग शांत राहावा एवढाच असतो. पण त्या क्षणी आपण शिष्यांच्या जागी उभे असतो, हे आम्हांला कबूल करावेसे वाटते.

म्हणून आपल्या धर्मग्रामापुढे तीन सूचना ठेवत आहोत. धर्मशिक्षणाचा वर्ग चालू असताना तासभर धाकट्या भावंडांना सांभाळायला दोन आजीबाई आणि दोन तरुणी पुढे आल्या, तर एक चटई आणि थोडी खेळणी एवढ्यावर आपले छोटे पाळणाघर उभे राहील. महिन्यातून एकदा वर्ग चर्चमध्ये न भरवता एखाद्या पाड्यावर, कुणाच्या अंगणात भरवावा. आणि दिवाळीपूर्वी कोणती कुटुंबे कामासाठी कुठे जाणार आहेत याची माहिती घेऊन तिथल्या जवळच्या धर्मग्रामाला ती कळवावी, म्हणजे सहा-सात महिने ही मुले मेंढपाळाविना राहणार नाहीत.

यासाठी मोठी इमारत नको, मोठी देणगीही नको. ज्यांना वेळ देता येईल त्यांनी मिस्सानंतर फादरांना किंवा सिस्टरांना आपले नाव द्यावे.

हे प्रभो, तू मुलांना जवळ घेतलेस आणि आशीर्वाद दिलास. आमच्या पाड्यांवरच्या, भट्ट्यांवरच्या आणि भावंडांना कडेवर घेऊन उभ्या असलेल्या लेकरांना तुझ्याकडे येऊ देण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.