गरिबांच्या शाळेसाठी भांडलेला वकील : थॅडियस स्टीव्हन्स

दुसऱ्याच्या पोराच्या शाळेसाठी आम्ही कर का भरायचा? १८३५ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात या प्रश्नावरून मोठा वाद पेटला होता. मोफत शाळांचा कायदा होऊन एकच वर्ष झालं होतं आणि तो रद्द करायची तयारी सुरू होती. वरच्या सभागृहाने तसा ठरावही केला. खालच्या सभागृहात मात्र एक वकील आमदार उभा राहिला. त्याच्या भाषणानंतर बाजू पालटली आणि कायदा वाचला. त्याचं नाव थॅडियस स्टीव्हन्स.

स्टीव्हन्स यांचा जन्म १७९२ चा, व्हरमाँट राज्यातला. एक पाय जन्मापासून वाकडा. वडील घर सोडून गेले. आईने कष्ट करून चार पोरं वाढवली आणि थॅडियसला कॉलेजपर्यंत शिकवलं. पुढे गेटिसबर्ग गावात त्यांनी वकिली सुरू केली.

१८२१ ची एक केस त्यांच्या नावावर कायमची राहिली. चॅरिटी बटलर ही गुलाम बाई स्वतःच्या आणि लेकरांच्या सुटकेसाठी कोर्टात गेली होती. स्टीव्हन्स यांनी वकीलपत्र घेतलं ते मालकाचं. केस जिंकली आणि ती माय लेकरांसह गुलामीतच राहिली. नंतर मात्र हाच माणूस पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने कोर्टात उभा राहू लागला.

पुढे ते देशाच्या संसदेत गेले. यादवी युद्धाच्या काळात सरकारी खर्चासाठी पैसा उभा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळला, तरी ते मागे हटले नाहीत. १८६५ मध्ये गुलामी बंद करणारी घटनादुरुस्ती झाली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण जमिनीशिवाय स्वातंत्र्य टिकणार कसं? म्हणून मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकर जमीन द्या, अशी मागणी त्यांनी लावून धरली. ती संसदेने मान्य केली नाही.

११ ऑगस्ट १८६८ ला ते वारले. काळ्या माणसाला जागा न देणाऱ्या दफनभूमीत त्यांना जायचं नव्हतं. म्हणून लँकेस्टर शहरात सर्वांना खुल्या असलेल्या लहानशा दफनभूमीत त्यांना पुरलं. तसं का, याचं कारणही त्यांच्या इच्छेनुसार दगडावर कोरलेलं आहे.

पाच वर्षांनी, १८७३ मध्ये, महात्मा जोतिराव फुले यांनी आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केलं, ते गुलामांच्या सुटकेसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या अशाच लोकांना.