२९वा श्लोक आणि २९ नियम



आजचं चिंतन गीतेच्या ६व्या अध्यायातल्या २९व्या श्लोकावर. सर्व भूतांमध्ये एकच आत्मा पाहणाऱ्या योग्याबद्दल भगवंत तिथे सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण असं पाहणारा माणूस रोज नेमकं वागतो कसा? मला याचं उत्तर जांभोजींच्या चरित्रात सापडतं.

गुरु जांभेश्वर ऊर्फ जांभोजी यांचा जन्म १४५१ सालचा, मारवाडातल्या पीपासर गावचा. तिथी कृष्णजन्माष्टमीची मानतात. वडील लोहट पंवार, आई हंसादेवी. तरुणपणी त्यांनी बरीच वर्षं गुरं राखली. त्या वाळवंटातलं मुख्य झाड खेजडी, म्हणजे आपली शमी. पाला गुरांना, शेंगा माणसांना, सावली सगळ्यांनाच.

१४८५ मध्ये समराथळच्या वाळूच्या टेकडीवर त्यांनी पंथ स्थापन केला आणि २९ नियम दिले. वीस आणि नऊ, म्हणून बिश्नोई, असं सांगतात. गंमत बघा, पहाटेचं स्नान, विष्णूचं भजन, हिरवं झाड न तोडणं, जीवांवर दया, सगळं एकाच यादीत! सरपण चुलीत घालायच्या आधी त्यात किडामुंगी नाही ना, हे बघायचं. पर्यावरण असा वेगळा विषयच नाही. जी भक्ती, तीच झाडाची राखण.

१५३६ मध्ये जांभोजींनी देह ठेवला. बिकानेरजवळ मुकामला त्यांची समाधी आहे. पण नियमांची खरी परीक्षा १७३० मध्ये झाली. जोधपूरच्या राजवाड्याच्या बांधकामासाठी चुना भाजायचा होता, म्हणून राजाची माणसं खेजडली गावात झाडं तोडायला आली. अमृतादेवी आणि त्यांच्या तीन मुली झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या आणि मारल्या गेल्या. एकूण ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. मग राजाने तोड थांबवली.

झाड तेच. राजाच्या माणसांना त्यात जळण दिसलं, बिश्नोईंना आप्त दिसलं. ऑफिसात आपण माणसालाही ‘रिसोर्स’ म्हणतो, तिथे झाडाचं काय! आपण ज्या नावाने हाक मारतो, तसंच पुढे वागतो.

आजची साधना: गणपतीला शमी वाहायची असेल, तर फांदी ओरबाडू नका. हात जोडा, हवी तेवढीच पानं घ्या आणि झाडाला तांब्याभर पाणी घाला.

राम कृष्ण हरी!