हिचम गावचे हेन्स्लो गुरुजी

चार्ल्स डार्विन हे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं आहे. बीगल नावाच्या जहाजातून ते जगप्रवासाला गेले, त्यातून उत्क्रांतीचा सिद्धांत उभा राहिला, हेही तुम्हाला पाठ असेल. पण त्या जहाजावर त्यांना पाठवलं कोणी? बावीस वर्षांच्या, नुकत्याच पदवी घेतलेल्या, पुढे काय करायचं हे नीटसं न ठरलेल्या मुलाचं नाव पुढे केलं कोणी? ते होते त्यांचे गुरू, जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो. डार्विनचे गुरू म्हणून त्यांचा उल्लेख बहुतेक पुस्तकांत एका ओळीत येतो आणि तिथेच संपतो. आज आपण त्या ओळीच्या पुढचं आयुष्य पाहणार आहोत. ते गेलं इंग्लंडच्या एका आडबाजूच्या खेड्यात, चर्च, शाळा आणि शेतमजूर यांच्यामध्ये.

हेन्स्लो यांचा जन्म ६ फेब्रुवारी १७९६ रोजी केंट परगण्यातील रॉचेस्टर येथे झाला. शिक्षण केंब्रिज विद्यापीठात. अभ्यासाचा मुख्य विषय गणित, पण ओढ दगड, शिंपले, किडे आणि वनस्पतींची. १८१९ मध्ये ॲडम सेजविक या भूवैज्ञानिक मित्राबरोबर त्यांनी केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीची स्थापना केली. १८२२ मध्ये ते खनिजशास्त्राचे आणि १८२५ मध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. मधल्या काळात, १८२४ मध्ये, त्यांनी चर्चची दीक्षाही घेतली. एकच माणूस प्राध्यापक आणि पाद्री, हे आज आपल्याला विचित्र वाटेल. त्या काळच्या केंब्रिजमध्ये मात्र ते अगदी नेहमीचं होतं.

शिकवण्याची त्यांची रीत मात्र नेहमीची नव्हती. व्याख्यानाला ते खरी फुलं आणत आणि विद्यार्थ्यांच्या हातात देऊन त्यांचे भाग सुटे करायला लावत. भिंतीवर मोठाली चित्रं लावत. विद्यार्थ्यांना घेऊन रानात, दलदलीत भटकत. डार्विन तर त्यांच्याबरोबर इतके फिरत, की हेन्स्लोंबरोबर चालणारा मुलगा अशीच त्यांची ओळख विद्यापीठात झाली होती.

१८३१ मध्ये बीगल जहाजासाठी निसर्ग-अभ्यासक हवा होता. ती जागा आधी खुद्द हेन्स्लोंसमोर आली होती बरं का! जावं असं त्यांच्या मनातही आलं. पत्नी हॅरिएट यांनी नाही म्हटलं नाही, पण त्यांचा चेहरा इतका उतरला, की हेन्स्लोंनी बेत सोडला. मग विचारणा झाली त्यांच्या मेहुण्याला, म्हणजे लेनर्ड जेनिन्स यांना. तेही गावचे पाद्री होते, गाव सोडून कसं जायचं म्हणून त्यांनीही नकार दिला. आणि मग हेन्स्लोंनी आपल्या शिष्याला पत्र लिहिलं. पुढची पाच वर्षं डार्विन पेट्या भरभरून नमुने पाठवत राहिले आणि हेन्स्लो ते केंब्रिजमध्ये सांभाळत राहिले. शिष्याच्या पत्रांतले उतारे त्यांनी विद्वानांसमोर वाचून दाखवले, छापून वाटले. डार्विन परतण्याआधीच त्यांचं नाव झालेलं होतं, त्यामागे हा माणूस होता.

आणखी एक प्रसंग सांगायला हवा, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय समजणार नाही. १८३५ च्या निवडणुकीत केंब्रिज शहरात मतांसाठी पैसे वाटले गेले. हे सगळ्यांना माहीत होतं, पण तक्रारदार म्हणून उभं राहायला कोणी तयार होईना. हेन्स्लो उभे राहिले. झालं! हेन्स्लो चहाडखोर आहे अशी अक्षरं रातोरात शहरातल्या भिंतींवर रंगवली गेली. एका कॉलेजच्या भिंतीवरचे ते शब्द पुढे कित्येक वर्षं दिसत होते. प्राध्यापकसाहेब रोज त्याच रस्त्यांवरून जात-येत राहिले.

आता गावाकडे वळू. १८३७ मध्ये सरकारने हेन्स्लोंना सफोक परगण्यातील हिचम गावचे रेक्टर, म्हणजे मुख्य धर्मगुरू नेमलं. १८३९ मध्ये ते मुलाबाळांसह तिथे राहायला गेले आणि मग शेवटपर्यंत तिथेच राहिले. केंब्रिजला जात ते वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या सत्रात व्याख्यानं द्यायला. विद्यापीठातल्या मित्रांना हे मुळीच आवडलं नाही. इतका मोठा विद्वान एका खेड्यात जाऊन बसतो म्हणजे काय! खरं सांगायचं तर यात पैशाचाही भाग होता. प्राध्यापकाचा पगार तुटपुंजा, घरात मुलं बरीच, आणि हिचमचं उत्पन्न वर्षाला हजार पौंडांहून अधिक. हे उत्पन्न गावच्या जमिनीतूनच यायचं. आपल्याकडच्या वतनासारखंच म्हणा ना. ही गोष्ट लपवून हेन्स्लोंना संत ठरवण्यात अर्थ नाही.

हिचम तेव्हा हजारभर वस्तीचं गाव. जमिनी मोठ्या शेतकऱ्यांकडे, बाकी बहुतेक लोक त्यांच्या शेतावर रोजंदारी करणारे. मजुरी अपुरी, हिवाळ्यात तर कामच नाही. पोट भरेना की माणूस गावच्या दानधर्मावर अवलंबून. चर्चमध्ये येणारे थोडे, शिकलेले त्याहून थोडे. त्या दशकात सफोकमध्ये गवताच्या आणि धान्याच्या गंजींना रात्री आगी लागत. मजुरांचा राग असा बाहेर पडत होता.

अशा गावात नव्या पाद्रीबाबांनी काय केलं असेल? प्रवचनांनी सुरुवात केली असेल असं वाटतं ना? प्रवचनं होतीच, पण लोकांना जवळ आणण्यासाठी त्यांनी चक्क आपल्या बंगल्याच्या आवारात शोभेचं दारूकाम केलं! आकाशात बाण उडाले, आणि चर्चला न येणारं गाव पाद्र्याच्या अंगणात गोळा झालं. मग शाळा उभी राहिली. कपड्यांसाठी, कोळशासाठी महिन्याला थोडे थोडे पैसे साठवण्याची मंडळं निघाली. रेक्टरच्या हिरवळीवर भाजी-फुलांची प्रदर्शनं भरू लागली. मजुरांनी पिकवलेले बटाटे, कांदे, फुलं मांडायची, बक्षिसं द्यायची. एका तंबूत हेन्स्लो आपलं छोटं संग्रहालय मांडत. जीवाश्म, पक्ष्यांची घरटी, परदेशी वस्तू. आणि प्रत्येक वस्तूजवळ उभं राहून दोन-चार मिनिटांत तिची गोष्ट सांगत.

मोठ्या शेतकऱ्यांशीही त्यांनी आधी मैत्रीचाच हात पुढे केला. १८४३ मध्ये सफोकच्या शेतकऱ्यांना उद्देशून त्यांनी पत्रं प्रसिद्ध केली. शेणखताच्या ढिगातलं सत्त्व हवेत उडून जाऊ नये म्हणून काय करावं, जिप्सम घालून फरक पडतो का, असे प्रयोग प्रत्येकाने आपापल्या शेतावर करून नोंदी ठेवाव्यात, अशी त्यांची कल्पना होती. त्याच सुमारास समुद्रकाठच्या फेलिक्सस्टो येथे सुट्टीत फिरताना त्यांना काही तपकिरी गोटे दिसले. त्यांत फॉस्फेट आहे आणि त्यापासून खत होईल हे त्यांनी ओळखलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं. पुढे त्या गोट्यांवर खताचे कारखाने उभे राहिले, इतरांनी भरपूर पैसा कमावला. हेन्स्लोंनी त्यातून काही घेतलं नाही.

पण खरी कसोटी पुढे आली. मजुराला स्वतःची अशी थोडी जमीन कसायला मिळाली तर त्याच्या घरात बटाटे येतील, धान्य येईल, हिवाळा निभेल, असं हेन्स्लोंचं मत होतं. म्हणून त्यांनी थोड्या भाड्याने जमिनीचे छोटे तुकडे देण्याची योजना काढली. तुकडा किती? साधारण पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. दहा गुंठ्यांवरून भांडण होईल असं वाटणार नाही, पण आपल्या गावाकडे बांधावरून काय काय होतं हे तुम्ही जाणताच!

शेतकरी खवळले. मजूर आपली ताकद स्वतःच्या तुकड्यासाठी राखून ठेवील, आमच्या शेतावर अंग चोरील, आमच्या कोठारातलं बियाणं पळवील, असं त्यांचं म्हणणं. न बोललेलं कारण माझ्या मते वेगळं होतं. ज्याच्या घरात स्वतःचे बटाटे आहेत तो माणूस कोणत्याही मजुरीला मान हलवत नाही. चर्चमध्ये गावचा कारभार ठरवणारी सभा भरत असे. तिथे त्यांनी ठराव केला, की जो मजूर असा तुकडा घेईल त्याला कोणीही कामावर ठेवायचं नाही.

आता विचार करा. मजुरापुढे काय पर्याय उरला? दहा गुंठ्यांवर कुटुंब जगत नाही, आणि मजुरी गेली तर सगळंच गेलं. हेन्स्लोंची अडचणही लहान नव्हती. ज्यांच्याशी भांडायचं तेच चर्चचे पुढारी, त्यांच्याच जमिनीतून रेक्टरचं उत्पन्न येणार, आणि रोज तोंडं पाहायची ती त्यांचीच. योजना गुंडाळून फुलांची प्रदर्शनं भरवत बसले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. त्यांनी माघार घेतली नाही. भांडणाची भाषाही वापरली नाही. आपली बाजू त्यांनी शांतपणे छापून सगळ्यांसमोर ठेवली आणि तुकडे देणं चालू ठेवलं. केंब्रिजच्या भिंतीवरची ती अक्षरं ज्याने पचवली होती, त्याला एका ठरावाचं काय! हळूहळू विरोधाची धार बोथट झाली. तुकडे वाढत गेले, आणि प्रदर्शनातली बक्षिसं त्याच तुकड्यांतल्या भाज्यांना मिळू लागली.

एक मात्र नमूद करतो. हेन्स्लो क्रांतिकारक नव्हते. जमीनदार, शेतकरी, मजूर ही उतरंड त्यांना मोडायची नव्हती. वरच्याने खालच्याची काळजी घ्यावी, एवढंच त्यांना हवं होतं. आज आपल्याला हे कमी वाटेल. पण हिचमच्या शेतकऱ्यांना तेवढंही जास्त वाटलं होतं, हे विसरू नका.

आता शाळेची गोष्ट, माझ्या सगळ्यात आवडीची. फुलाचे भाग शिकवताना निदलपुंज, दलपुंज, पुमंग, जायांग हे शब्द फळ्यावर लिहिले की वर्गात कशी कुजबुज सुरू होते, हे मला चांगलं माहीत आहे. हेन्स्लोंनी हेच शब्द, तेही लॅटिन-ग्रीक वळणाचे, शेतमजुरांच्या मुलामुलींना शिकवले. वर्ग ऐच्छिक होता. पण वर्गात यायची अट ऐका. द्विबीजपत्री, आवृतबीजी अशा अर्थाचे लांबलचक शब्द आधी बिनचूक लिहून दाखवायचे, मगच प्रवेश! सोपं करून सांगा, मजुरांची पोरं आहेत, असा सल्ला त्यांनी मानला नाही. त्यांचं म्हणणं असं होतं, की पाठ करण्यापेक्षा पाहायला शिकवलं तर मूल अवघड शब्दही सहज घेतं. प्रत्येक मुलाने फूल उकलायचं, भाग ओळीने मांडायचे, मोजायचे, तक्त्यात लिहायचे. रानातून आणलेली फुलं पाण्याच्या छोट्या बाटल्यांत ठेवून त्यांवर नावांच्या चिठ्ठ्या लावायच्या. ज्यांनी चांगलं काम केलं त्यांना रेक्टरबरोबर रानात सहल.

पुढे राणी व्हिक्टोरियाच्या मुलांना वनस्पतिशास्त्राचे धडे देण्यासाठी हेन्स्लोंना राजवाड्यात बोलावणं आलं. तिथेही त्यांनी साधारण तोच धडा, तशाच साध्या पद्धतीने दिला.

गावातल्या मोठ्या माणसांसाठी ते आगगाडीने सहली काढत. ज्यांचं आयुष्य दोन-चार मैलांत गेलं होतं अशा लोकांना त्यांनी समुद्रकिनारा दाखवला, १८५४ मध्ये थेट केंब्रिजला नेलं. निघण्यापूर्वी काय काय पाहायचं याची छापील माहितीही हातात असायची.

आणि डार्विन? ते आपल्या गुरूला विसरले नव्हते. १८५५ मध्ये बियांवर प्रयोग करताना त्यांना काही रानवनस्पतींचं ताजं, खात्रीचं बी हवं होतं. त्यांनी हेन्स्लोंना लिहून विचारलं, की तुमच्या शाळेतल्या मुली हे बी गोळा करून देतील का, मी त्यांना पैसे देईन. जगभर फिरून आलेल्या संशोधकाला वनस्पती अचूक ओळखणारी माणसं हवी होती, आणि त्याला हिचमच्या शाळेतल्या मुली आठवल्या!

१८५९ मध्ये डार्विन यांचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आलं. हेन्स्लोंना ते पटलं नाही. पण ३० जून १८६० रोजी ऑक्सफर्डला त्यावर जी प्रसिद्ध खडाजंगी झाली, त्या सभेचे अध्यक्ष हेन्स्लोच होते. त्यांनी दोन्ही बाजूंना बोलू दिलं. शिष्याचं मत पटत नसतानाही त्याच्या हेतूबद्दल कोणी वाकडं बोललेलं त्यांना खपत नसे.

१६ मे १८६१ रोजी हिचम येथे हेन्स्लो यांचं निधन झालं. गावच्याच चर्चच्या आवारात त्यांना पुरलं. त्यांचे जावई जोसेफ हुकर शेवटच्या आजारात त्यांच्याजवळ येऊन राहिले होते. महाविद्यालयात गेल्यावर बेंथम आणि हुकर यांची वर्गीकरण पद्धत तुम्हाला शिकावी लागेल ना, तेच हे हुकर. हेन्स्लोंच्या भिंतीवरच्या चित्रांचे छापील तक्ते १८५७ मध्ये निघाले आणि दूरदूरच्या शाळांत गेले. त्यांतले काही आज संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत. इंटरनेटवर शोधा, सापडतील. मोठं करून बघा, एकेक पुंकेसर मोजता येतो.