नाइटिंगेल आणि आमचं डिसीज टेबल

थर्ड इयरच्या ऑक्टोबरात, ऐन सबमिशनच्या गडबडीत, माझ्या रूम पार्टनरला डेंग्यू झाला. आधी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथून रात्री दोन वाजता मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. पहिल्या ठिकाणचा प्लेटलेटचा आकडा एका चिठ्ठीवर लिहिलेला होता. ती चिठ्ठी रिक्षात बसताना माझ्या खिशात होती, उतरताना नव्हती. परत रक्त काढलं. आधीचा आकडा किती होता, म्हणजे प्लेटलेट उतरतायत की चढतायत, असं डॉक्टर मला विचारत होते आणि मी आठवून आठवून सांगत होतो. तीस हजार? की त्रेपन्न? सकाळच्या एसटीने त्याचे वडील आले. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. पार्टनर वाचला, आता मेसमध्ये माझ्याच ताटातली पोळी उचलतो. पण ती चिठ्ठी काही माझ्या डोक्यातून गेली नाही.

म्हणून फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय निघाला तेव्हा मी हट्टच धरला, हॉस्पिटलची रेकॉर्ड सिस्टिम करायची. चौघांचा ग्रुप. एका हॉस्पिटलने रुग्णांची नावं झाकून दोन महिन्यांचं रजिस्टर उतरवून घ्यायला दिलं. आम्ही रात्री जागून सगळं टाइप केलं आणि मोठ्या ऐटीत क्वेरी चालवली, कुठल्या आजाराचे किती पेशंट? उत्तर बघून गारच झालो. एकटा डेंग्यूच अकरा प्रकारे लिहिलेला. कुठे डेंगी, कुठे नुसता ताप, कुठे व्हायरल, कुठे प्रश्नचिन्ह घालून डेंग्यू. मोजणार काय, कपाळ?

गाइड सरांनी प्रिंटआउट बघितला आणि म्हणाले, की आधी नाइटिंगेल वाचून या. आम्हाला वाटलं सर चेष्टा करतायत. हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या मधून फिरणारी ती बाई, आणि आमचं डेटाबेस? पण लायब्ररीत बसलो, आणि मग त्या बाईने मला सोडलंच नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात, म्हणून नावही तेच. घर इंग्लंडमधलं गडगंज. वडिलांनी मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास शिकवला. हिला ओढ गणिताची, आकड्यांची. सोळा-सतरा वर्षांची असताना देवाने आपल्याला सेवेला बोलावलंय असं तिला वाटलं आणि पुढे तिने नर्स व्हायचं ठरवलं. घरात भूकंप! त्या काळी नर्सचं काम म्हणजे घरंदाज मुलीने नाव काढायचं नाही असलं. कितीतरी वर्षं ही ओढाताण चालली. चांगलं स्थळही तिने नाकारलं. शेवटी १८५१ मध्ये जर्मनीत कायझर्सवेर्थला जाऊन ती काम शिकली आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवर एका लहान रुग्णालयाची प्रमुख झाली.

पुढचं क्रिमियन युद्ध सगळ्यांना माहीत आहे. ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ नर्सेस घेऊन ती निघाली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला स्कुटारीला, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधल्या उस्कुदारला पोचली. तिथलं बराक हॉस्पिटल म्हणजे तुंबलेल्या गटारांवर उभी केलेली प्रचंड इमारत. दिवा, फेऱ्या, पत्रं हे सगळं झालंच. पण भाषणांत जे कधी सांगत नाहीत ते असं, की ती आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले. फेब्रुवारी १८५५ मध्ये उपचार घेणाऱ्यांत शेकडा ४२ च्या वर माणसं मेली. मार्चमध्ये इंग्लंडहून सॅनिटरी कमिशन आलं. त्यात डॉक्टर सदरलँड होते आणि रॉबर्ट रॉलिन्सन नावाचे सिव्हिल इंजिनिअर होते (सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही). त्यांनी गटारं उपसली, पाणी सुधारलं, हवा खेळती केली, भिंतींना चुना मारला. जूनपर्यंत प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आलं.

तेव्हा हा हिशेब तिलाही पुरता कळला नव्हता. कळणार कसा? स्कुटारीत मृत्यूंची तीन वेगवेगळी रजिस्टरं होती आणि तिन्हींचे आकडे एकमेकांशी जुळत नव्हते. माणूस मेला एवढी साधी गोष्ट, तीही तीन ठिकाणी तीन तऱ्हेने. हे वाचलं तेव्हा मला माझ्या खिशातली ती चिठ्ठी आठवली.

ऑगस्ट १८५६ मध्ये ती मिस स्मिथ असं खोटं नाव घेऊन गुपचूप इंग्लंडला परतली. स्वागत, बँड काही नको होतं. मग तिची गाठ पडली विल्यम फारशी. जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत आकडेवारीचं काम करणारा हा माणूस. मृत्यूची कारणं ठरावीक वर्गांत कशी बसवायची, या विषयात त्याचा हात धरणारा इंग्लंडात कोणी नव्हता. दोघांनी लष्कराचे आकडे पिंजून काढले. त्यातून कळलं, की युद्ध सोडा, शांततेच्या काळात घरी बराकीत राहणारे तरुण सैनिकही त्याच वयाच्या सामान्य माणसांच्या जवळजवळ दुपटीने मरत होते. हजारी ११ च्या जागी १७, १९, २०. आणि क्रिमियात गोळीने मेले त्याच्या कितीतरी पट जास्त घाणीच्या रोगांनी मेले. आपल्या हॉस्पिटलात, आपल्या डोळ्यांदेखत मेलेली ही माणसं वाचली असती, हे आकड्यांतून वाचताना तिला काय झालं असेल? १८५७ पासून ती आजारी पडली ती पुढची कित्येक वर्षं बहुतेक खोलीतच, पलंगावरच. काम मात्र थांबलं नाही. उलट पलंगावरून तिने मंत्र्यांना पळवलं.

१८५८ चा तो प्रसिद्ध डायग्राम इथलाच. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळातल्या बारा पाकळ्या. निळा रंग टाळता येणाऱ्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा बाकी कारणांचा. संख्या क्षेत्रफळात दाखवलीय, त्रिज्येत नाही, म्हणजे त्रिज्या वर्गमुळाने वाढते. आमच्यातल्या एकाने हाच चार्ट प्रोजेक्टमध्ये काढताना नेमकी ती चूक केली आणि डेंग्यूची पाकळी पानाबाहेर गेली. त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला फेलो करून घेतलं, पहिली स्त्री.

आता आमच्या कामाची गोष्ट. लष्करानंतर तिने नागरी हॉस्पिटलं धरली. लंडनमधल्या हॉस्पिटलांची कागदपत्रं मागवली तर काय, प्रत्येकाची आजारांची नावं वेगळी, तक्ते वेगळे, मोजायची रीत वेगळी. एकाची दुसऱ्याशी तुलना करता येईल अशी नोंद तिला कुठेच सापडली नाही, आणि हे गाऱ्हाणं तिने छापून मांडलं. लोक देणग्या देतात, त्या पैशाने माणसं बरी होतात की उलट नुकसान होतंय, हे सांगता तरी यावं, असं तिचं म्हणणं.

मग तिने फॉर्म केला. फारची आजारांची यादी उभी, आणि आडव्या रकान्यांत सात गोष्टी: वर्षाच्या पहिल्या दिवशी किती रुग्ण होते, वर्षभरात किती आले, किती बरे झाले, किती बरे न होता किंवा स्वतःहून गेले, किती मेले, शेवटच्या दिवशी किती उरले, आणि सरासरी किती दिवस राहिले. नीट बघा, पहिल्या दोनांच्या बेरजेतून पुढचे तीन वजा केले की सहावा यायलाच हवा. म्हणजे चूक पकडायची सोय फॉर्ममध्येच. आम्ही ज्याला व्हॅलिडेशन म्हणून ब्लॅक बुकात दोन पानं खरडतो, ते या बाईने पलंगावर बसून केलं, वीज नसताना.

जुलै १८६० मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषद भरली, तिथे हा आराखडा मांडला गेला. काही मोठ्या हॉस्पिटलांनी फॉर्म वापरून बघितले. आणि मग काही वर्षांत सगळं बारगळलं. भरायला वेळ जातो, खर्च होतो, आणि फारचं वर्गीकरण डॉक्टरांना पटत नव्हतं. तीच वर्षं तिच्यासाठी एकूण वाईट. जनगणनेत आजारी माणसं आणि घरं यांचीही मोजणी व्हावी म्हणून ती भांडली, नकार मिळाला. सरकारात तिचं काम करणारा मित्र सिडनी हर्बर्ट ऑगस्ट १८६१ मध्ये वारला.

आणि ती चुकलीही. १८६३ च्या नोट्स ऑन हॉस्पिटल्सच्या आवृत्तीत फारकडून घेतलेला एक तक्ता आहे, त्यात लंडनच्या २४ हॉस्पिटलांचा मृत्युदर शेकडा ९०.८४ दिलाय! म्हणजे जवळपास सगळे मेले? नाही. वर्षभरातले ३,८२८ मृत्यू भागिले ८ एप्रिल १८६१ या एका दिवशी खाटेवर असलेले ४,२१४ रुग्ण. वर्षभरात येऊन गेलेले हजारो लोक छेदात नाहीतच. डॉक्टर मंडळी तुटून पडली, आणि माझ्या मते त्यांचं बरोबरच होतं. अंश खरा, छेद खरा, अपूर्णांक खोटा. सर म्हणाले, की हा तक्ता फोटोकॉपी करून प्रत्येक ग्रुपच्या टेबलावर चिकटवायला हवा.

हिंदुस्थानात ती कधी आली नाही, पण १८५९ च्या रॉयल कमिशनसाठी इथल्या लष्करी छावण्यांना प्रश्नावल्या पाठवायचं काम तिचंच. आलेल्या उत्तरांचे ढीग तिने घरी बसून वाचले. १८६३ च्या अहवालात इथल्या गोऱ्या फौजेचा मृत्युदर हजारी ६९ निघाला. दहा वर्षांनी तो १८ वर आला. सगळं श्रेय तिचं असं मी म्हणणार नाही, पण मोजणी झाली नसती तर ६९ हा आकडा कुणाला टोचलाच नसता. पुढे तिचं लक्ष बराकीतून खेड्यांकडे वळलं आणि मुंबई इलाख्यातल्या गावांच्या स्वच्छतेबद्दल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिने पत्रव्यवहारही केला.

फारच्या वर्गीकरणाचा धागा १८९३ च्या बर्तियोंच्या यादीत आला आणि तिथून आज जगभर चालणाऱ्या आयसीडी कोडमध्ये. तो बघायला ती होती, पण ऑक्सफर्डला सांख्यिकीचं अध्यासन काढायचा तिचा बेत मात्र जमला नाही. अखेरची वर्षं अंधत्वात गेली. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळाला, स्त्रीला पहिल्यांदाच. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, ती गेली. वेस्टमिन्स्टर ॲबीची जागा घरच्यांनी नाकारली. ईस्ट वेलोच्या गावच्या चर्चमध्ये दगडावर एफ. एन. एवढीच अक्षरं आणि तारखा आहेत.

आम्ही आमच्या टेबलातून मोकळा मजकूर काढून टाकला. त्याजागी आयसीडीचे कोड घातले. पण ज्यांनी रजिस्टर दिलं होतं त्या डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, ओपीडीत नव्वद पेशंट असताना एवढी यादी कोण उघडणार. म्हणजे पुन्हा १८६० च. शेवटी नेहमीचे वीस आजार ड्रॉपडाउनमध्ये ठेवले आणि एकविसावं इतर. आठवडाभर ट्रायल झाली. काल निकाल काढला. सगळ्यात जास्त पेशंट इतरचे. व्हायवा पुढच्या गुरुवारी आहे.